बरणी सुखरूप कशी पोचेल?

कोकणात किंवा गोव्यात माडांच्या बागेतून फिरताना तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. पिकलेला नारळ उंच माडावरून धप्पकन खाली पडतो. ही उंची पंधरा-वीस मीटर, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी असते. तरीही नारळ फुटत नाही. थोडा गडगडत जातो आणि स्वस्थ पडून राहतो. हाच नारळ सोलून दगडावर आपटला, की मात्र एका फटक्यात फुटतो. नारळ तोच, करवंटीही तीच. मग फरक कशाचा?

फरक आहे सोडणाचा. करवंटीभोवती काथ्याचे काही सेंटीमीटर जाडीचे आवरण असते. निसर्गाने केलेले हे नारळाचे पॅकिंगच होय! ते हलके आहे, पाण्यावर तरंगते, ओलावा सहजासहजी आत जाऊ देत नाही आणि पडल्यावर आतील बीज सांभाळते.

आता हाच प्रश्न आपण आपल्या व्यवहारात आणून पाहू. समजा, सिंधुदुर्गातील एका गावच्या महिला बचत गटाने लिंबाचे लोणचे घातले, ते काचेच्या बरण्यांत भरले आणि मोबाइलवरून मागण्या घेण्यास सुरुवात केली. पहिलीच मागणी आली नागपूरहून. बरणी आता घाट चढणार, दोन-तीन गोदामांतून फिरणार, अनेक हातांतून जाणार आणि मगच ग्राहकाच्या दारी पोचणार. वाटेत ती फुटली तर लोणचे गेले, बरणी गेली, पाठवण्याचा खर्च गेला आणि ग्राहकाचे पैसेही परत करावे लागले. बरे, भीतीपोटी बरणीभोवती गाठोडेभर पॅकिंग केले तर सारा नफा त्या पॅकिंगमध्येच जिरला!

मग वेष्टण कशाचे करावे आणि किती करावे? याचे उत्तर केवळ अंदाजाने देण्याची गरज नाही. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र त्यासाठी पुरेसे आहे.

पार्सलाचे चार शत्रू

घरबसल्या वस्तू मागवण्याची पद्धत वाटते तितकी नवी नाही. पार्सल हाती आल्यावर पैसे देण्याची, म्हणजे व्ही. पी. ची सोय भारतीय टपाल खात्याने १८७७ सालीच सुरू केली होती. त्या काळी पार्सल मांजरपाटात शिवून त्यावर लाखेची मोहोर उठवीत. आज कापडाची जागा पुठ्ठ्याच्या खोक्याने घेतली आहे. परंतु पार्सलाचे शत्रू मात्र तेच आहेत.

पहिला शत्रू म्हणजे पडणे. हातातून, टेबलावरून, गाडीच्या फळीवरून पार्सल कधी ना कधी पडतेच. दुसरा शत्रू म्हणजे दडपण. गोदामात आणि मालमोटारीत एकावर एक खोकी रचतात आणि सर्वांचा भार तळाच्या खोक्यावर येतो. तिसरा शत्रू म्हणजे रस्त्यावरचे हादरे. ते लहान असतात, पण हजारो असतात. चौथा शत्रू म्हणजे ओलावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर तो सर्वत्र हजर असतो.

या चौघांपैकी पहिल्याचाच विचार आपण जरा सविस्तर करू, कारण काचेच्या बरणीचा खरा वैरी तोच आहे.

पडणे नव्हे, थांबणे!

बरणी पडल्यामुळे फुटते असे आपण म्हणतो. पण नीट विचार करा. हवेतून खाली येताना बरणीला काहीच होत नाही. ती फुटते जमिनीवर थांबताना, आणि तेही फार थोड्या अंतरात थांबावे लागते म्हणून. क्रिकेटमधला कसलेला क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे का नेतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. चेंडूला थांबायला तो जास्त अंतर देतो. त्यामुळे हातावर येणारे बल कमी होते.

हे आकड्यांत मांडता येते. बरणी उंचावर असताना तिच्यात स्थितिज ऊर्जा साठलेली असते. पडताना त्या ऊर्जेचे रूपांतर गतिज ऊर्जेत होते आणि थांबताना ही सर्व ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. थांबण्याच्या अंतरात होणारी थोडीशी जादा घसरण सोडून दिली, तर एक सोपे समीकरण मिळते:

वजन × पडण्याची उंची = सरासरी बल × थांबण्याचे अंतर

म्हणजेच, बरणीवर येणारे सरासरी बल तिच्या वजनाच्या किती पट आहे हे काढायचे असेल, तर पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे. बस, इतकेच!

आता आपली लोणच्याची बरणी घेऊ. भरलेल्या बरणीचे वजन ७५० ग्रॅम आहे आणि ती ७६ सें.मी. उंचीवरून पडली असे माना. ही उंची साधारण टेबलाएवढी आहे. जमिनीला टेकताना बरणीचा वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटर होतो. उघडी बरणी फरशीवर पडली आणि समजा अर्ध्या मिलिमीटरात थांबली. ७६ सें.मी. ना ०.०५ सें.मी. ने भागा. उत्तर येते १५२०. म्हणजे त्या क्षणी बरणीवर तिच्या वजनाच्या दीड हजार पट, अर्थात एक टनाहून अधिक वजनाइतके बल येते. काच फुटणार नाही तर काय होईल?

आता तीच बरणी ३ सें.मी. जाडीच्या मऊ गादीत गुंडाळून पाडली. गादी पूर्णपणे चपटी होत नाही. तिची साधारण निम्मी जाडी कामी येते असे धरू. म्हणजे थांबायला मिळाले १.५ सें.मी. आता ७६ भागिले १.५ म्हणजे सुमारे ५१. टनाचे ओझे एकदम अडतीस किलोग्रॅमांवर आले! शिवाय हे बल एका बिंदूवर न पडता गादीमुळे बरणीच्या बऱ्याच पृष्ठभागावर पसरते, हा आणखी एक फायदा.

हे बल सरासरी आहे, हे मात्र विसरू नका. थांबण्याच्या एखाद्या क्षणी ते याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. तरीही मूळ गोष्ट स्पष्ट आहे. पॅकिंगसाठी आपण जे पैसे मोजतो ते कागदाचे नाहीत आणि प्लॅस्टिकचेही नाहीत. आपण विकत घेतो ते थांबण्याचे अंतर.

अभियंते प्रत्येक वस्तूची भंगुरता याच मापाने सांगतात. अतिशय नाजूक मोजमापाची उपकरणे स्वतःच्या वजनाच्या १५ ते २५ पट आघातालाही बिघडू शकतात. घरगुती शीतकपाटासारखी यंत्रे साधारणपणे ८५ ते ११५ पट आघात सोसतात. वस्तू किती सोसते आणि ती किती उंचीवरून पडण्याचा संभव आहे, ही दोन माहिती हाती असली की गादीची जाडी ठरवता येते.

गादी फार मऊ नको, फार कडक नको

तर मग जितकी मऊ गादी तितकी चांगली का? नाही. इथे एक गंमत आहे. गादी फारच मऊ असली, जसा कापसाचा हलका थर, तर बरणी तिच्यातून सरळ खाली जाते आणि थर पूर्ण चपटा होऊन शेवटी जमिनीलाच आपटते. मग गादी असून नसल्यासारखी. उलट, गादी फार कडक असली, जसा लाकडाचा ठोकळा, तर ती दबतच नाही आणि थांबायला अंतरच मिळत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी योग्य गादी असते. जड वस्तूला थोडी कडक आणि हलक्या वस्तूला मऊ गादी लागते. म्हणूनच घड्याळासाठी चांगला ठरलेला फोम मिक्सरसाठी चांगला ठरेलच असे नाही.

बाजारात मिळणारे गादीचे पदार्थ कसे काम करतात ते आता पाहू.

चुरगळलेला कागद: हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांना माहीत असलेला. कागदाला पडलेल्या घड्या दबताना ऊर्जा शोषून घेतात. मात्र एकदा दबलेला कागद पूर्ववत फुगत नाही. पहिला धक्का तो चांगला झेलतो, पण तिसऱ्या-चौथ्या धक्क्याला त्याची जाडी उरलेली नसते. त्यामुळे तो घट्ट आणि भरपूर भरावा लागतो. वर्तमानपत्राचा कागद बरणीबाहेर चालेल, पण खाद्यपदार्थाला त्याचा स्पर्श होता कामा नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात. अन्न गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास आपल्या देशात २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे.

बबल रॅप: फुग्याफुग्यांचा हा प्लॅस्टिकचा कागद फोडत बसणे तुम्हांला आवडत असेल. १९५७ साली अमेरिकेत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी तो तयार केला, पण पॅकिंगसाठी नव्हे. त्यांना भिंतीला लावायचा उठावदार कागद बनवायचा होता! तो बेत फसला. पुढे आयबीएम कंपनीचे संगणक सुरक्षित पाठवण्यासाठी हे फुगे उपयोगी पडले आणि त्यांचे नशीब उघडले. प्रत्येक फुगा म्हणजे कोंडलेल्या हवेची एक छोटी स्प्रिंगच असते. दाब गेला की तो पुन्हा फुगतो, त्यामुळे अनेक धक्के सोसू शकतो. पण फुगा फुटला की त्याचे काम संपले. म्हणून फुगे फोडण्याची मौज पार्सल पोचल्यावरच करावी!

थर्माकोल: हा पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचा फेस आहे. त्याच्या आकारमानातला सुमारे ९८ टक्के भाग हवाच असते. म्हणून तो इतका हलका. आघात झाला की त्यातील बारीक कप्पे चेपतात आणि ऊर्जा खर्च होते. वस्तूच्या आकाराचा साचा करता येत असल्याने दूरदर्शन संचासारख्या वस्तूंसाठी तो सोयीचा पडतो. त्याचा दोष कोणता, ते पुढे येईलच.

पेंढा आणि सुके गवत: आपल्याकडे आंब्याच्या पेट्यांत पेंढा घालण्याची रीत जुनी आहे. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, वाकतात आणि पुन्हा थोड्या उभ्या राहतात. गादी म्हणून तो उत्तमच आहे. पण तो ओलावा धरतो आणि त्यातून कीड जाऊ शकते. यामुळे परदेशी पाठवायच्या मालात अनेक देश तो चालू देत नाहीत.

किती जाडी पुरे?

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. गादी जितकी जाड तितका आघात कमी, हे आपण पाहिले. मग सरळ दहा सेंटीमीटर जाडीची गादी का घालू नये?

आपल्या बरणीचा व्यास ९ सें.मी. आणि उंची १२ सें.मी. आहे असे धरा. चारी बाजूंनी, वर आणि खाली सारखीच गादी घातली, तर खोक्याचे माप असे येईल:

गादी ३ सें.मी. : खोका १५ × १५ × १८ सें.मी. ; घनफळ ४,०५० घ. सें.मी. ; आघात सुमारे ५१ पट
गादी ५ सें.मी. : खोका १९ × १९ × २२ सें.मी. ; घनफळ ७,९४२ घ. सें.मी. ; आघात सुमारे ३० पट
गादी १० सें.मी. : खोका २९ × २९ × ३२ सें.मी. ; घनफळ २६,९१२ घ. सें.मी. ; आघात सुमारे १५ पट

जरा या आकड्यांकडे निरखून पाहा. गादी ५ वरून १० सें.मी. केली, तेव्हा आघात निम्मा झाला. पण खोक्याचे घनफळ मात्र तिपटीहून अधिक वाढले. आघात जाडीच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो आणि घनफळ मात्र तिन्ही दिशांनी वाढत जाते. म्हणून एका मर्यादेपुढे प्रत्येक जादा सेंटीमीटर महाग पडत जातो.

हे महाग पडणे केवळ कागदावरचे नाही. मालमोटारीत किंवा विमानात जागा मर्यादित असते. हलका पण मोठा खोका जागा अडवून बसतो. म्हणून कुरियर कंपन्या ‘घनफळी वजन’ काढतात. बहुतेक ठिकाणी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोग्रॅम मानतात. खरे वजन आणि घनफळी वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आता आपल्या तीन खोक्यांची घनफळी वजने काढा. पहिल्याचे ०.८ कि.ग्रॅ., दुसऱ्याचे १.६ कि.ग्रॅ. आणि तिसऱ्याचे ५.४ कि.ग्रॅ. आत लोणचे तेवढेच आहे, पण तिसऱ्या खोक्याचे भाडे साडेपाच किलोच्या मालाचे पडेल! नाजूक वस्तूंसाठी भोवती सुमारे ५ सें.मी. गादी ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो का, हे या आकड्यांवरून तुमच्या ध्यानात येईल.

खोक्याच्या पोटातील कमानी

गादी झाली, आता खोका. खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून त्याची कड पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारखा वळवलेला तिसरा कागद दिसेल. याला पन्हळी पुठ्ठा म्हणतात. घरावरच्या पन्हळी पत्र्यासारखाच हा प्रकार आहे. एक पातळ कागद उभा धरला तर तो लगेच मान टाकतो. पण त्याला पन्हळी पाडल्या की प्रत्येक पन्हळ एक छोटी कमान बनते आणि कागदात आश्चर्यकारक ताठरपणा येतो.

या पुठ्ठ्याचा इतिहासही मजेदार आहे. पन्हळी कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी! १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी तो वापरला. म्हणजे आपल्या बरणीचाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी पन्हळी कागदाला सपाट कागद चिकटवला, त्यामुळे पन्हळी उलगडेनाशा झाल्या.

बाजारात खोका ‘तीन प्लाय’, ‘पाच प्लाय’ किंवा ‘सात प्लाय’ असा मागतात. तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये एक पन्हळ. पाच प्लाय म्हणजे तीन सपाट आणि दोन पन्हळी. किलो-दीड किलोच्या आपल्या पार्सलाला चांगल्या कागदाचा तीन प्लाय पुरतो. जड मालाला पाच किंवा सात प्लाय लागतो.

पन्हळींची दिशा नेहमी उभी असली पाहिजे, म्हणजे वरून येणारा भार खांबांनी तोलावा तसा त्या तोलतात. भाराचा बराच मोठा वाटा खोक्याचे चार उभे कोपरे उचलतात. म्हणून खोकी रचताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. वरचे खोके थोडे जरी सरकून बाहेर आले, तरी तळाच्या खोक्याची ताकद बरीच घटते.

खोका किती भार तोलेल याचे एक सूत्र अमेरिकेतील मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दिले. त्यानुसार खोक्याची ताकद पुठ्ठ्याच्या कडेच्या बळकटीच्या सरळ प्रमाणात असते, पण खोक्याच्या परिमितीच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे परिमिती दुप्पट केली तर ताकद केवळ १.४ पट होते. मोठा खोका म्हणजे बळकट खोका, हा समज त्यामुळे खरा नाही. मोठ्या खोक्यात थोडाच माल भरला, तर त्याच्या सपाट भिंती आत वाकतात.

पुठ्ठा म्हणजे शेवटी कागद, आणि कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू. हे तंतू हवेतील बाष्प शोषून मऊ पडतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत गेली, तर खोक्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. जुलैमध्ये सावंतवाडीत बांधलेला खोका आणि मे महिन्यात नागपुरात बांधलेला खोका एकाच कारखान्याचे असले, तरी त्यांची ताकद सारखी नसते. यासाठी गणिताने येणाऱ्या भाराच्या तीन ते पाच पट ताकदीचा खोका निवडण्याची पद्धत आहे.

पोकळी ठेवू नका

आता राहिले हादरे. खोक्यात पोकळी असेल तर प्रत्येक हादऱ्याला आतील वस्तू हलते, भिंतीवर आदळते आणि घासली जाते. सुट्या गोळ्यांसारखे भरण वापरले, तर आणखी एक घोटाळा होतो. हादऱ्यांनी हलके भरण बाजूला सरकत जाते आणि जड बरणी हळूहळू तळाला जाऊन बसते. नागपूरला पोचेपर्यंत तिच्याखाली गादी उरलेलीच नसते! म्हणून बरणी प्रथम गुंडाळावी, मग खोक्यात मधोमध बसवून भोवतीची जागा घट्ट भरावी. खोका बंद करून कानाशी हलवून पाहा. आतून खुळखुळ ऐकू आली, तर पॅकिंग अपुरे आहे असे समजा.

लोणच्यासारख्या तेलकट पदार्थाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. पार्सल विमानाने गेले, तर विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतका कमी होऊ शकतो. बरणीत कोंडलेली हवा तेव्हा बाहेर ढकलू लागते आणि सैल झाकणातून तेल पाझरते. म्हणून झाकणाखाली सील हवे आणि बरणी आधी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत हवी.

वस्तू तसे वेष्टण

बरणीला जे लागते ते सर्वांनाच लागते असे नाही. साडी कितीही उंचीवरून पडली तरी फुटत नाही. तिला फक्त पाणी आणि मळ यांपासून जपायचे असते. तिच्यासाठी मोठा खोका म्हणजे उधळपट्टीच. पुस्तकाचे कोपरे दुमडतात, म्हणून त्याला ताठ पुठ्ठा हवा. कोल्हापुरी चप्पल हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंडली, तर कातड्यातील ओलाव्यामुळे बुरशी धरते. तिला कागदच बरा. हापूस आंबा तर जिवंत असतो! तो श्वसन करतो, उष्णता आणि कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकतो. म्हणून त्याच्या खोक्याला भोके ठेवावी लागतात. इलेक्ट्रॉनिक भागांचा शत्रू अगदी वेगळा, तो म्हणजे स्थिर विद्युत. साध्या प्लॅस्टिकशी घर्षण होऊन निर्माण होणारी, आपल्याला जाणवतही नाही इतकी लहान ठिणगी त्यांना निकामी करू शकते. यासाठी ते खास चंदेरी पिशव्यांत घालतात.

तेव्हा पॅकिंग निवडताना पहिला प्रश्न ‘काय स्वस्त आहे?’ हा नसून ‘या वस्तूचा शत्रू कोण?’ हा असतो.

पोचल्यानंतर काय?

बरणी पोचली, लोणचे ताटात आले. मागे राहिला तो खोका आणि ती गादी. त्यांचे पुढे काय होते?

पन्हळी पुठ्ठ्याचे बरे आहे. रद्दीवाला तो आनंदाने नेतो. त्याचा लगदा करून पुन्हा कागद बनतो. दर खेपेस तंतू आखूड होत जातात, त्यामुळे हे साधारण पाच ते सात वेळाच साधते. थर्माकोल मात्र हलका आणि जागा खाणारा असल्याने गोळा करणेच परवडत नाही. त्याचे मणी सुटे होतात, गटारे तुंबवतात आणि वर्षानुवर्षे कुजत नाहीत. प्लॅस्टिकच्या वेष्टणाची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यांवर टाकणारे नियम भारत सरकारने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी जाहीर केले आहेत. बुरशीच्या तंतूंनी शेतातील काडीकचरा सांधून गादी बनवणे, पिष्टापासून पाण्यात विरघळणारे भरण करणे असे मार्गही निघाले आहेत.

पण म्हणून पॅकिंग शक्य तितके कमी करावे, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. बरणी फुटली तर काय वाया जाते पाहा. काच बनवताना भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. लिंबे पिकवायला पाणी, माती आणि महिने लागतात. शिवाय दुसरी बरणी पुन्हा तोच प्रवास करते. मूठभर कागद वाचवून बरणी फोडणे, ही काही काटकसर नव्हे. वाया जाणे दोन्हीकडून टाळायचे, तर गरजेपुरते आणि नेमके पॅकिंग हवे. मुंबईतील भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून हेच शास्त्र शिकवते आणि तपासते.

करून पाहा

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. बरणीऐवजी खडू घ्या. तो सहज मोडतो आणि स्वस्तही असतो.

एकाच मापाची, शक्यतो काडेपेटीहून मोठी, चार रिकामी खोकी जमवा. पहिल्या खोक्यात खडू नुसता ठेवा. दुसऱ्यात खडूभोवती चुरगळलेला कागद, तिसऱ्यात सुके गवत किंवा काथ्या आणि चौथ्यात जुन्या बबल रॅपचा तुकडा भरा. गादीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा. खोकी चिकटपट्टीने बंद करा.

आता खोके ७६ सें.मी. उंचीवरून फरशीवर सोडा, फेकू नका. पार्सलांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दहा किलोग्रॅमपर्यंतच्या खोक्यासाठी हीच उंची घेतात. तिथे खोके दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर आणि शेवटी सहाही बाजूंवर. तुम्हीही तसेच करा. दर वेळी खोके हलवून कानोसा घ्या आणि खडू कितव्या वेळी मोडला ते वहीत लिहा. प्रत्येक प्रकाराची निदान पाच खोकी तपासा, कारण एकाच खडूवरून निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होत नाही. नंतर तीच खोकी रात्रभर दमट जागी ठेवून प्रयोग पुन्हा करा.

आता काही प्रश्न. खडूऐवजी दगडाचा जड तुकडा घातला, तर सर्वांत चांगली ठरलेली गादी तीच राहील का? कोपऱ्यावर पडलेल्या खोक्याचा कोपरा चेपतो, त्याचा आतील वस्तूला तोटा होतो की फायदा? सहा बरण्या एकाच खोक्यात पाठवल्या, तर दर बरणीमागे घनफळी वजन किती येईल? आणि त्या बरण्यांच्या मधल्या जागेत काय घालाल? गणित करून पाहा, आपल्या शिक्षकांशी चर्चा करा. मग पुढच्या वेळी घरी पार्सल येईल तेव्हा ते फाडण्याची घाई न करता, ज्याने ते बांधले त्याने योग्य निवड केली होती का, हेही एकदा तपासा.